‘नातं’ या रकान्यात काय लिहायचं? एका रात्रीच्या ओळखीचं प्रकरण

आधीच सांगून टाकतो, ही काही दोन एकट्या जीवांची गोड गोष्ट नाहीये. एकाच मोठ्या शहरात एकेकटी राहणारी दोन माणसं एका रात्री हॉस्पिटलात समोरासमोर आली, तीन-साडेतीन तास मनातलं बोलली, आणि त्यानंतर अकरा दिवस एकमेकांना बघून तोंड फिरवत राहिली, असं हे प्रकरण आहे. त्यातला एक मी. दुसरे काका, त्यांना विचारूनच लिहितोय, त्यांची अट एकच होती, "मला बिचारा करू नकोस", म्हणून नाव, शहर, कामाची जागा सगळं काढून टाकलंय आणि बिचारेपणा शक्य तेवढा माझ्याकडे घेतलाय.

अनोळखी माणसाशी पहिल्यांदा बोलावं कसं यावर जो तो लिहितो. मला तो भाग तसा सोपा वाटतो. गोची असते ती दुसऱ्यांदा बोलण्यात, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही म्हणून हे सगळं.

आधी काय होतं

मी ३६ वर्षांचा, नोकरीसाठी या शहरात आलो त्याला साडेतीन वर्षं झाली. फोनमध्ये सहाशेच्या वर नंबर आहेत, ऑफिसात लोक चांगले आहेत, भांडण कुणाशीच नाही. पण शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसमधून निघालो की सोमवार सकाळपर्यंत तोंडातून निघणारं वाक्य म्हणजे दारात आलेल्या डिलिव्हरीवाल्याला "हो, इथेच ठेवा", बास. एका सोमवारी मीटिंगमध्ये बोलायला लागलो तर आवाज खरखरीत, बाजूची म्हणाली सर्दी झालीये का, मी म्हटलं हो. सर्दी कसली, दोन दिवस आवाज वापरलाच नव्हता.

काका म्हणजे सकाळच्या ७:५० च्या गाडीला प्लॅटफॉर्मवर तिसऱ्या खांबापाशी उभा राहणारा माणूस. साठीला टेकलेले, इस्त्रीचा शर्ट, डोळे लाल, खांद्याला राखाडी कापडी बॅग, तिची चेन गेलेली आणि तोंड दोन सेफ्टी पिनांनी बंद केलेलं. दीड वर्ष मी त्या पिना रोज बघत होतो. त्यातली एक मोठी, एक छोटी, छोटी नेहमी थोडी वाकडी. माणसाबद्दल काहीच माहीत नाही पण त्याच्या पिना पाठ, असं ते होतं. आणि मनातल्या मनात मी त्यांची अख्खी कुंडली मांडून ठेवलेली, रिटायर झालेत, बायको गेलीये, घर खायला उठतं म्हणून सकाळी बाहेर पडतात. यातलं एक अक्षर खरं निघालं नाही ते पुढे येईलच.

या प्रकाराला समाजशास्त्रात नाव आहे, ‘ओळखीचा अनोळखी’. स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली यावर लिहिलंय. त्याच्या विद्यार्थ्यांनी सकाळी स्टेशनवर थांबलेल्या प्रवाशांचे फोटो काढले, प्रत्येक चेहऱ्याला नंबर दिला, आणि काही दिवसांनी तेच फोटो त्याच गाडीच्या लोकांना वाटून विचारलं की यातले कोण कोण तुम्हाला ओळखीचे वाटतात. ८९.५ टक्के लोकांना एक तरी असा चेहरा सापडला ज्याला ते रोज बघतात पण कधी बोललेले नाहीत. माणशी सरासरी ४ असे चेहरे, आणि ज्याच्याशी कधीतरी बोलणं झालंय असे सरासरी दीड. मिलग्रॅमचं म्हणणं मला आवडतं ते असं, की हे न बोलणं म्हणजे नात्याचा अभाव नाही, ते सुद्धा एक नातंच, फक्त दोघांनी मिळून गोठवून ठेवलेलं. जितकी वर्षं गोठलेलं राहील तितकं ते फोडणं अवघड, कारण दीड वर्षाने अचानक "नमस्कार" म्हणायचं तर आधी मधल्या दीड वर्षाचा हिशोब द्यावा लागतो ना.

आणि हे माणूसघाणेपण नाही बरं का. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये याला सभ्य दुर्लक्ष अशा अर्थाचं नाव दिलं, म्हणजे समोरच्याकडे क्षणभर बघायचं, आहात तुम्ही, दिसलात, आणि मग नजर काढून घ्यायची, तुमच्यापासून मला धोका नाही, माझ्यापासून तुम्हाला नाही. मोठ्या शहरात दिवसाला हजार माणसं अंगावरून जातात, सगळ्यांना हसत बसलं तर माणूस स्टेशनपर्यंत पोचणार नाही. आम्ही दोघं दीड वर्ष अगदी सभ्य होतो.

ती रात्र

शनिवार, रात्रीचे पावणेअकरा. सिंकमध्ये ग्लास धुताना तो हातातच फुटला आणि डाव्या तळहाताला अंगठ्याच्या बुंध्याशी चांगलंच कापलं. टॉवेल गुंडाळला, तो भिजला, दुसरा गुंडाळला, आणि कॅज्युअल्टीत जाऊन उभा राहिलो. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म दिला. दोरीला बांधलेलं पेन चालत नव्हतं, ते कुठेच चालत नाही. मी माझं काढलं, लिहायला सुरुवात केली, आणि बाजूने आवाज आला, "झालं की जरा पेन देता का?"

वर बघितलं तर चेहरा ओळखीचा, पण कुठला ते काही केल्या लागेना. बॅग नव्हती ना खांद्याला. तेही माझ्याकडे तसेच बघत होते, भुवया वर करून, एखादा शब्द जिभेवर अडकावा तसे.

"तुम्ही ते… ७:५०?"

"तिसरा खांब," मी म्हटलं.

एवढ्यावर आम्ही दोघं असे हसलो की जणू शाळेतले मित्र. मिलग्रॅमने हे पण लिहून ठेवलंय, की ओळखीचे अनोळखी आपल्या रोजच्या जागेपासून जितके लांब भेटतील तितकी ते बोलण्याची शक्यता जास्त. परक्या गावात भेटले तर मिठीच मारतील. प्लॅटफॉर्मवर जो नियम आम्हाला बांधून होता तो कॅज्युअल्टीत लागूच नव्हता, आणि वर हातात न चालणाऱ्या पेनाचं निमित्त. त्याच लेखात ब्रुकलिनमधल्या एका बाईचा किस्सा आहे, रस्त्यात कोसळलेल्या बाईला ती अँब्युलन्समधून हॉस्पिटलात घेऊन गेली, दोघी वर्षानुवर्षं एकमेकींना बघत होत्या पण एक शब्द बोललेल्या नव्हत्या, तरी तिला ती आपलीच जबाबदारी वाटली. मी हे नंतर वाचलं. आधी वाचलं असतं तर त्या रात्री माझं मलाच जरा कमी विचित्र वाटलं असतं.

तर फॉर्म. नाव, वय, पत्ता, ॲलर्जी, सगळं भरलं, आणि खाली ‘तातडीच्या वेळी संपर्क: नाव, फोन, नातं’. तिथे माझं पेन थांबलं. आई-बाबा दुसऱ्या गावी, रात्री अकराला हॉस्पिटलातून फोन गेला तर बाबांनाच ॲडमिट करायची वेळ यायची. ऑफिसातलं कुणी? नको, सोमवारी सगळ्यांना कळेल. सहाशे नंबर आठवून बघितले आणि रकाना कोरा ठेवून फॉर्म पुढे सरकवला. बाईंनी तो परत दिला. "कुणाचा तरी नंबर लागेल हो, हे कोरं असलं की आमची सिस्टिम पुढे जात नाही."

मागे वळलो तर काका हात पुढे करून उभे, पेनासाठी. आणि खालच्या आवाजात म्हणाले, "तुम्ही या खालच्या रकान्यात काय लिहिलंत?"

"अजून काही नाही."

"माझं पण तेच झालंय. मुलगा परदेशात, बायको वर्षभर त्याच्याकडेच आहे, नात लहान आहे ना. आता यांनी तिकडे फोन केला तर तो घाबरून पहिलं तिकीट काढेल. मला नुसती चक्कर आलीये." मग फॉर्मकडे बघत, "असं करू, तुम्ही माझा नंबर लिहा, मी तुमचा लिहितो. त्यांची सिस्टिम पुढे गेल्याशी मतलब."

दीड वर्षात पहिल्यांदा आम्ही एकमेकांना नाव विचारलं ते असं, फॉर्म भरायला. ‘नातं’पाशी मी ‘मित्र’ लिहायला गेलो, ‘मि’ लिहून हात अडला, खोटं वाटायला लागलं. त्यांच्या फॉर्मवर डोकावलं तर शाळेतल्यासारख्या वळणदार अक्षरात ‘परिचित’. मी माझा ‘मि’ खोडला आणि त्यांची नक्कल केली. त्या फॉर्मचा फोटो माझ्याकडे आहे, खोडलेल्या ‘मि’सकट.

मला पाच टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन, साडेबाराला मोकळा. काकांचं बीपी बरंच वर होतं, ईसीजी ठीक, पण छातीत जरा दडपण वाटलं होतं असं त्यांनी डॉक्टरांना सांगितल्यामुळे रक्ताची तपासणी तीनेक तासांनी परत करायची होती. (हृदयाला इजा झाली असेल तर रक्तात त्याची खूण दिसायला वेळ लागतो, म्हणून एका तपासणीवर सोडत नाहीत. आपल्याला वाटतं उगाच बसवून ठेवलंय.) मी निघू शकत होतो. मी त्यांना म्हटलं पहिली गाडी साडेचारची आहे, तोवर बसतो. टॅक्सी बाहेर उभ्या होत्या, त्यांनाही दिसत होत्या. ते काही बोलले नाहीत, मी पण नाही.

ते रिटायर वगैरे काही नाहीत. एका मोठ्या इमारतीच्या सीसीटीव्ही कंट्रोल रूममध्ये रात्रपाळी करतात, समोर अठरा स्क्रीन, म्हणून डोळे लाल. माझी सकाळ ती त्यांची झोपायला जायची वेळ. फक्त शनिवारची रात्र सुट्टी. "रात्रभर माणसं बघतो," म्हणाले, "आवाज एकाचाही येत नाही." आणि मग एक गोष्ट सांगितली ती माझ्या अजून डोक्यातून जात नाही. खालच्या पार्किंगमध्ये रोज रात्री दहाच्या सुमारास एक बाई येते, गाडीत बसते, आणि वीस-वीस मिनिटं काहीही करत नाही. फोन नाही, गाणी नाहीत, दिवा पण लावत नाही. मग गाडी चालू करून जाते. "मी स्क्रीनला म्हणतो, बाई, बसा निवांत, मी आहे बरं का इथे. तिला काय ऐकू जाणार. पण म्हणतो."

यावर मी काय बोलणार. मी माझं सांगितलं. आईला मी दर रविवारी फोन करतो आणि तिला काळजी नको म्हणून इथल्या मित्रांबद्दल सांगतो, कोण कुठे फिरायला गेलं, कुणाचं प्रमोशन झालं. ती माणसं नाहीतच. तिघं आहेत, तिघांनाही मी बनवलंय, आणि साडेतीन वर्षात गोष्ट पुढे सरकायला हवी म्हणून मागच्या वर्षी त्यातल्या एकाचं लग्न पण लावून दिलंय. हे मी जन्मात कुणाला बोललो नव्हतो. काका असे मोठ्याने हसले की नर्स येऊन गप्प करून गेली, आणि ती गेल्यावर हळूच म्हणाले, "मग लग्नाला गेला होतास की नाही?"

‘तुम्ही’चं ‘तू’ नेमकं तिथे झालं.

आम्ही एवढं का बोललो

मला आधी वाटलं होतं की आमचं काहीतरी खास जुळलं. आता तसं वाटत नाही. गेओर्ग झिमेल या जर्मन विचारवंताने १९०८ मध्येच लिहून ठेवलंय की लोक जवळच्यांपासून लपवलेल्या गोष्टी परक्या माणसाला चटकन सांगून टाकतात. साधं कारण आहे, तो आपल्या आयुष्यात कुठे गुंतलेला नसतो, ऐकेल आणि त्याच्या वाटेने जाईल. माझ्या आईला तो ओळखत नाही, माझ्या ऑफिसात त्याची बहीण नाही. सांगितलेलं त्याच्याबरोबर गाडीत बसून निघून जातं.

शिकागोत निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी २०१४ मध्ये छापलेल्या प्रयोगात ट्रेनच्या प्रवाशांना तीन गटात वाटलं होतं, काहींनी शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायचं, काहींनी गप्प बसायचं, काहींनी रोजच्यासारखं वागायचं. बोललेल्यांचा प्रवास सगळ्यात छान झाला. आणि ज्यांना नुसतं विचारलं की काय वाटतं, कुठला प्रवास बरा होईल, त्यांनी बरोब्बर उलटं सांगितलं होतं. म्हणजे बोलल्यावर बरं वाटतं हे खरं, फक्त बोलायच्या आधी ते पटत नाही.

पण या सगळ्या हिशोबात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की परका माणूस उतरून जाणार. आमच्यातलं कुणीच जाणार नव्हतं. सोमवारी सकाळी ७:५० ला तिसरा खांब तिथेच असणार होता आणि त्याच्याखाली माझी तीन खोटी माणसं माहीत असलेला एकमेव माणूस.

अकरा दिवस

दुसऱ्या तपासणीचा रिपोर्ट चांगला आला, पहाटे चारला ते टॅक्सीने गेले, मी गाडीने. निघताना काय बोलायचं ते दोघांनाही सुचलं नाही, "चला मग", "हो चला".

सोमवारी जिना उतरलो, काका दिसले, पिना दिसल्या, आणि माझे पाय आपोआप सहाव्या खांबाकडे वळले. खरं सांगतो, ठरवून नाही. त्यांनी मला बघितलं आणि इंडिकेटरकडे बघायला लागले, गाडी कधी येणार हे त्यांना दीड वर्षापासून पाठ असताना. बुधवारी त्यांनी मान हलवली असं मला वाटलं, पण मी तेव्हा फोनमध्ये डोकं घालून उभा होतो, आणि फोन लॉक होता. काळ्या काचेत बघत होतो मी. शुक्रवारी तर मुद्दाम ८:०५ ची पकडली. पुढच्या सोमवारी काका आलेच नाहीत. तेव्हा पोटात जरा गोळा आला, बीपीवाला माणूस, एकटा राहतो, नंबर माझ्याकडे आहे, फोटोत आहे, फोन करावा का? केला नाही. मंगळवारी परत दिसले, मला हायसं वाटलं, आणि मी पुन्हा सहाव्या खांबाला जाऊन उभा राहिलो. हा माझ्या वागण्यातला सगळ्यात लाजिरवाणा भाग.

माझ्या डोक्यात काय चाललं होतं: यांना आता पश्चात्ताप होत असणार, कुठल्या खोटारड्या पोरासमोर आपण घरचं बोलून बसलो. त्यांच्या डोक्यात काय होतं ते त्यांनी नंतर सांगितलं: पोराला वाटत असेल म्हातारा आता गळ्यात पडतोय, नंबर पण आहे याच्याकडे, रोज फोन करेल.

म्हणजे दोघंही समोरच्याच्या वतीने स्वतःला नाकारून मोकळे. एरिका बूथबी ही मानसशास्त्रज्ञ आणि इतरांनी २०१८ मध्ये दाखवलं की नवीन ओळखीच्या गप्पा झाल्यावर समोरच्याला आपण जितके आवडलो असं माणसाला वाटतं, त्यापेक्षा प्रत्यक्षात जास्त आवडलेले असतो, आणि हा गैरसमज दोन्ही बाजूंनी असतो. त्यात एकटेपणाची भर घाला. जॉन कॅसिओपो यांनी एकटेपणावर वर्षानुवर्षं काम केलं, त्यांचं एक मुख्य म्हणणं असं की एकटेपणा लांबला की मन सावध होतं, लोकांच्या वागण्यात धोका आणि नकार शोधायला लागतं, भूक लागल्यावर वास जास्त येतो तसं, फक्त इथे वास नेमका वाईटाचा. इंडिकेटरकडे बघणारा माणूस मला तुच्छ लेखणारा दिसत होता. तो बिचारा (सॉरी काका) स्वतःच लाजत होता.

माझं स्वतःचं मत विचाराल तर याहून साधी एक अडचण होती. प्लॅटफॉर्मवर आधी आमचा एक नियम होता, न बोलण्याचा. तो मोडला, आणि त्या जागी दुसरा कुठला आलाच नाही. रोज किती बोलायचं, कोण आधी बोलणार, नुसतं हसून पुढे जाता येतं का, काही ठरलेलं नाही. भावनेची कमतरता नव्हती, पद्धत नव्हती.

फोन

अकराव्या दिवशी, बुधवारी दुपारी तीनला ऑफिसात फोन वाजला. हॉस्पिटल. "अमुक अमुक यांचे तुम्ही परिचित ना? त्यांची बीपीची फेरतपासणी सोमवारी होती, आले नाहीत, त्यांचा फोन बंद लागतोय." बंद लागणारच, दुपारी तीन म्हणजे त्यांची मध्यरात्र. हॉस्पिटलच्या सिस्टिममध्ये मी परिचित होतो, आणि परिचिताला काम लागलं.

गुरुवारी सहाव्या खांबापासून तिसऱ्या खांबापर्यंत चालत गेलो, वीसेक पावलं असतील.

"काका, तुम्हाला बीपी दाखवायला बोलावलंय. मला फोन आला होता."

"तुला कसा आला? … अरे हो, तूच की!" आणि लगेच, "टाके काढलेस का?"

मी तळहात दाखवला. कालच काढले होते, ऑफिसजवळच्या दवाखान्यात. त्यांनी हात धरून उजेडाकडे वळवून नीट बघितला, शिंप्याने शिवण बघावी तसा. "बरा शिवलाय." गाडी आली, आम्ही एकाच डब्यात चढलो. चार स्टेशनांनंतर ते उतरतात. त्या चार स्टेशनांत अकरा दिवसांचं सगळं बोलून झालं, ८:०५ चं पण मी कबूल केलं.

मी जे काही शिकलो ते या फोनमध्ये आहे. "मला तुमच्याशी बोलायचंय" असं म्हणत मी वीस पावलं जन्मात चाललो नसतो. "तुमचा निरोप आहे" म्हणत गेलो. एकट्या माणसाला दुसऱ्याच्या दारात जायला भावना पुरत नाही, काहीतरी काम लागतं, उसनं पेन, परत द्यायचं पुस्तक, पोचवायचा निरोप. पहिल्या भेटीत लोक मन मोकळं करतात, मस्त वाटतं, आणि एकही काम शिल्लक न ठेवता निघून जातात, मग दुसरी भेट होणार कशी? आमचं एक काम चुकून राहून गेलं होतं, ते सुद्धा एका कोऱ्या रकान्यामुळे.

कुठे जमलं नाही

उत्साहात येऊन मी एका रविवारी काकांना घरी बोलावलं. ते आले, बसले, पंधरा मिनिटं ठीक गेली, आणि मग दोघांनाही विषय सुचेना. ते घड्याळ बघायचे, मला वाटायचं जायचं असेल, पण निघा कसं म्हणणार. त्यांना वाटायचं लवकर उठलो तर पोराला वाईट वाटेल. दोन तास. २०२१ मध्ये ॲडम मास्ट्रोयानी आणि सहकाऱ्यांनी गप्पा कधी संपतात यावरच अभ्यास केला होता, दोघांनाही हवं होतं तेव्हाच संपलेल्या गप्पा जेमतेम २ टक्के निघाल्या. प्लॅटफॉर्मवर हा प्रश्नच येत नाही, गाडी सोडवते. आमच्या नात्याला गाडी लागते हे त्या रविवारी कळलं, आणि आम्ही निमूट परत तिसऱ्या खांबाला आलो.

एकटेपणा गेला का? नाही. रॉबर्ट वाइस या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एकटेपणाचे दोन प्रकार वेगळे केले होते, एक सोबतीला माणसं नसल्याचा आणि एक जवळचं असं एक माणूस नसल्याचा, आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. काकांना बायको इथे नाही याचा जो त्रास आहे तिथे मी काय उपयोगाचा. माझे शनिवार-रविवार अजूनही बरेचसे मुकेच जातात. सोमवारी घसा खरखरतो, पण आता कारण विचारणारं कुणीतरी ७:५० लाच भेटतं.

एका मैत्रिणीला (ऑफिसातली, ही खरी आहे) हे सांगितलं तर ती म्हणाली तू पुरुष आहेस म्हणून रात्री अकराला अनोळखी माणसाच्या फॉर्मवर स्वतःचा नंबर लिहू शकलास, मी लिहिला नसता. बरोबर आहे तिचं, आणि मी काही वाद घातला नाही.

सध्या

जेफ्री हॉल या संशोधकाचा २०१८ चा एक हिशोब आहे, नुसत्या ओळखीपासून साध्या मैत्रीपर्यंत यायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, मित्र म्हणवायला ९०, आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. मी गाडीत काकांसमोर गणित मांडलं. प्लॅटफॉर्मवर चार मिनिटं, गाडीत चौदा, म्हणजे रोजची अठरा, आठवड्याचे पाच दिवस, नव्वद मिनिटं. त्या रात्रीचे साडेतीन तास आणि तो फसलेला रविवार धरला तर ५० तास व्हायला जवळपास सात महिने. गेल्या आठवड्यात सात पूर्ण झाले. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता तो फॉर्म बदलून यायचा का?"

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२५ चा अहवाल म्हणतो जगात दर ६ माणसांमागे १ एकटेपणाने ग्रासलेला आहे, तेही त्यांना सांगितलं. त्यांनी प्लॅटफॉर्मवर नजर फिरवली आणि मोजायला लागले, हा नाही, ती असेल, हा नक्की. कंट्रोल रूमची सवय. पार्किंगमधली बाई अजून येते म्हणाले, हल्ली कधीकधी दहाच मिनिटं बसते.

आणि परवा रविवारी आईशी बोलताना पहिल्यांदाच खरं सांगितलं, की इथे एक काका आहेत, रात्रपाळी करतात, बॅगेला दोन सेफ्टी पिना लावतात, माझा हात कापला तेव्हा भेटले. आई थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "हा नवीन कोण काढलास?"